वयाच्या ४६व्या वर्षी गिटार : बोटं दुखतात, गळा जुळत नाही, सोडून देऊ का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

वय ४६, राहणार चिपळूण, नोकरी पतसंस्थेत. शाळेत असताना गाणं शिकले होते, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. पुढे संसाराच्या रगाड्यात रियाझ सुटला, पण आळीच्या भजनी मंडळात अजून गाते. पेटीवर गाण्यापुरती बोटं फिरतात, माझी पट्टी, म्हणजे माझा सा, काळी चार. मुलाची गिटार चार वर्षं माळ्यावर पडून होती. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याला आता वेळ नाही. गुढीपाडव्याला मी ती खाली काढली, पुसली आणि ठरवलं की आपल्या गाण्याला आपणच साथ करायची.

तीन महिने झाले. रोज रात्री जेवणं उरकली की अर्धा तास बसते. पण डाव्या हाताची बोटं इतकी दुखतात की सकाळी भाकरी थापताना जाणवतं. ई मायनर आणि ए मायनर हे कॉर्ड (एकाच वेळी वाजवायचे सुरांचे गट) जमतात. सी पकडला की दोन तारा मुक्या राहतात. एफ तर नाहीच, पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकलं की एकही तार धड वाजत नाही. आणि व्हिडिओ बघून एखादं गाणं बसवलंच, तरी त्यात माझा गळा बसत नाही. एक तर सूर इतका खाली जातो की आवाज लागत नाही, नाहीतर ओरडल्यासारखं होतं.

इथल्या एका क्लासला महिनाभर गेले. तिथे म्हणाले, तुमची बोटं आखूड आहेत, या वयात ती आता वळायची नाहीत. ते मनाला फार लागलंय. खरंच असं असतं का? सोडून देऊ?

शेवटची_लोकल

ताई, सोडू नका. मी ३९व्या वर्षी सुरुवात केली, डोंबिवलीहून रोज ये-जा करून. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात, पण तेही नियमित वाजवलं तर. मध्ये बरेच दिवस खंड पडला की कातडी परत मऊ पडते. अर्धा तास सलग बसण्याऐवजी सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा मिनिटं करून बघा. डाव्या हाताची नखं अगदी बुडापर्यंत कापा, नाहीतर बोटाचं टोक तारेवर उभं पडतच नाही, आडवं पडतं आणि शेजारची तार मुकी होते. तुमच्या सी मधल्या दोन मुक्या तारांचं कारण तेही असू शकेल.

बोटांच्या लांबीचं म्हणाल तर जँगो राइनहार्ट या गिटारवादकाबद्दल वाचा. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो असं वाजवायचा की जॅझच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं.

लाकूडकाम

पाऊलवाटताई, बोटांना दोष देण्याआधी गिटार मोजा. मी मिरजेत तंतुवाद्यांच्या घरात वाढलो, गेली बरीच वर्षं गिटारची दुरुस्तीही करतो. नवशिक्यांनी 'मला जमत नाही' म्हणून आणलेल्या निम्म्याहून जास्त गिटारींचा दोष मला लाकडात सापडतो, माणसात नाही. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

घरात तीन-चार एटीएम कार्डं असतील. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. गिटार सुरात लावा आणि मांडीवर नेहमीसारखी धरा. बारावा पडदा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं बारावं घर) शोधा, त्यावर बहुतेक दोन ठिपके असतात. तिथे सर्वात जाड तारेच्या खाली, पडद्याच्या धातूच्या पट्टीवर कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम टेकत असतील तर उंची ठीक आहे. चार सहज जात असतील तर तार उंच आहे. पाच जात असतील तर त्या गिटारीवर माझीही बोटं दुखतील.

अजून दोन गोष्टी बघा. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबून ठेवा आणि सहाव्या-सातव्या पडद्याजवळ तार व पट्टी यांच्यात किती फट दिसते ते बघा. पोस्टकार्ड जाईल एवढी असावी. त्याहून जास्त असेल तर मान पुढे झुकली आहे. मग मुलाची शाळेतली सरळ पट्टी गिटारीच्या पोटावर, घोडीच्या (पोटावर तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या) मागच्या बाजूला आडवी ठेवा. मध्ये पोट किती फुगलंय ते कळेल.

आणि एक विचारतो, माळ्यावर टाकताना तारा सैल केल्या होत्या का? स्टीलच्या सहा तारा सुरात असल्या की मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. चिपळूणचे चार पावसाळे आणि त्यावर तो ताण, म्हणजे लाकूड हळूहळू ओढलं जाणारच.

पाऊलवाट

लाकूडकामदादा, आत्ताच मोजलं. पाच कार्डं सहज गेली, सहावं अडकलं. पोस्टकार्ड नव्हतं, लग्नपत्रिकेचा जाड कागद वापरला, तो दुहेरी करून गेला. पोट मध्ये किंचित फुगलेलं दिसतंय. तारा सैल केल्या नव्हत्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तारांना तपकिरी डागही आहेत.

म्हणजे तीन महिने मी ह्याच्याशी झगडत होते?

लाकूडकाम

होय ताई, तेच. पाच कार्डं म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या वर. जाड तारेला साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर हवं, बारीक तारेला त्याहूनही कमी. इतक्या उंचीवर सी कॉर्ड धरून तीन महिने टिकलात, तर तुमच्या बोटांत जोर भरपूर आहे.

आता काय करायचं ते सांगतो. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती किंचित आवळली की मान सरळ होते. हे स्वतः करू नका. फार आवळली गेली तर सळई तुटू शकते, आणि मग कधी कधी मानच बदलावी लागते. उरलेली उंची घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीतून, म्हणजे सॅडलमधून काढतात. ही पट्टी खालच्या बाजूने घासायची असते, वरची गोलाई जशीच्या तशी राहिली पाहिजे. काचेवर पॉलिशपेपर चिकटवून त्यावर ती सपाट घासतात. हिशोब लक्षात ठेवा : बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर उतरवायचं असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो.

तिसरी जागा मानेच्या टोकाची, नट. तारा बसतात त्या तिथल्या खाचा उथळ असल्या तर पहिल्या पडद्यावर तार दाबायला फार जोर लागतो. एफ कॉर्ड पहिल्याच पडद्यावर आहे, नटला खेटून. म्हणून स्वस्त गिटारीवर सगळ्यांत आधी एफ रडवतो. तपासायचं असेल तर एफचाच आकार पाचव्या पडद्यावर धरून बघा, तिथे तो ए कॉर्ड होतो. तिथे सहा तारा बऱ्यापैकी वाजल्या आणि पहिल्यावर नाही वाजल्या, तर दोष खाचांचा समजा.

पुण्याला लेकाकडे जाल तेव्हा गिटार घेऊन जा, तिथे ही कामं करणारे बरेच आहेत. तारा नव्या टाकायला सांगा, १०-४७ चा एक्स्ट्रा लाइट संच. (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात.) दुकानात बहुतेक १२-५३ चा संच हातात देतात, तो सुरुवातीला नको. आणि एवढी दुरुस्ती होईपर्यंत कडक तारांवर जोर लावू नका.

घाटावरची

मी थोडं वेगळं सांगते. बोटांच्या टोकांना चटके बसणं वेगळं आणि मनगट किंवा कोपरापासून खाली दुखणं, मुंग्या येणं वेगळं. पहिलं सहन करायचं. दुसरं झालं की त्या क्षणी गिटार खाली ठेवायची. मी दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि चार महिने काही वाजवता आलं नाही.

तुम्ही भजनाला बसता तशा मांडी घालून बसून वाजवता का? त्यात गिटारीची मान खाली झुकते आणि डावा हात तिचं वजन पेलत बसतो. बिनहाताची खुर्ची घ्या, डाव्या पायाखाली जेवणाचा पाट ठेवा, गिटार डाव्या मांडीवर घ्या म्हणजे मान वर राहते. शास्त्रशुद्ध क्लासिकल गिटार वाजवणारे असेच बसतात. जमिनीवरच बसायचं असेल तर बसूनही पट्टा लावा.

आणि जोर किती लावायचा हे बोटाला एकदा शिकवून ठेवा. बोट दोन पडद्यांच्या मध्ये नाही, पुढच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून ठेवा. आधी तारेला नुसता स्पर्श करा आणि वाजवा, थप्प असा आवाज येईल. मग दाब हळूहळू वाढवत तीच तार वाजवत राहा. आधी खरखर येईल आणि एका क्षणी स्वच्छ सूर येईल. तिथे थांबा, तेवढाच दाब. बहुतेकजण त्याच्या दुप्पट दाबतात.

मंद्रसप्तक

ताई, गळ्याच्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्या पेटीतच आहे, आणि ते कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे घरोघरी लोकांना स्वतःची पट्टी माहीत असते, काळी एक, पांढरी दोन, काळी चार. गिटारच्या व्हिडिओत मात्र सी, डी, जी चालतं, आणि ही दोन जगं कुणी जोडून देत नाही.

पांढरी एक म्हणजे सी. पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए, पांढरी सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

व्हिडिओतला गायक सी मध्ये गात असेल तर त्याचा सा तुमच्या सा पासून चार सूर वर आहे, किंवा आठ सूर खाली. (इथे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजतो.) मग गळा कसा बसणार? त्यात तुमच्या आवाजाचा काही दोष नाही.

तुमची पट्टी जी शार्प. त्या पट्टीचे मोकळे, सोपे कॉर्ड गिटारवर नाहीत. म्हणून कॅपो घ्यायचा. मानेवर लावायचा चिमटा असतो तो, दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. पहिल्या पडद्यावर लावा आणि जी च्या कुटुंबातले कॉर्ड धरा : जी, सी, डी आणि ई मायनर. हात जी चा आकार धरतो, सूर मात्र काळी चार निघतो. जी म्हणजे तुमचा सा, सी म्हणजे मध्यम, डी म्हणजे पंचम, ई मायनर म्हणजे धैवत. साध्या चालीची पुष्कळ गाणी ह्या चारांत बसतात. आणि ह्यात एफ नाही!

घरात कुणी काळी एकमध्ये गाणारं असेल तर कॅपो चौथ्या पडद्यावर लावून ए, डी, ई धरा. तिथेही एफ लागत नाही.

पाऊलवाट

मंद्रसप्तक, हे वाचून मी पेटी काढून बसले. कॅपो अजून नाही, म्हणून जी धरून पांढरी पाचमध्येच गाऊन बघितलं. एकच सूर खाली आहे, चालून गेलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा गिटार आणि माझा आवाज एकाच खोलीत आहेत असं वाटलं.

एक विचारते. गिटार ट्यूनरवर बरोबर दाखवते, तरी ई कॉर्डमधला गांधार मला किंचित चढा वाटतो. मी तिसरी तार (बारीक तारेकडून मोजून) थोडी उतरवली तर ई गोड लागतो, पण मग जी वाईट वाटतो. माझा कान चुकतोय का?

मंद्रसप्तक

कान अगदी बरोबर आहे. गिटारीचे पडदे पेटीसारखेच सुरांच्या समान अंतराने पाडलेले असतात, सप्तकाचे बारा सारखे भाग करून. त्यामुळे तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा गिटारचा गांधार थोडा चढा असतोच. गाणं शिकलेल्या माणसाला तो टोचतो. एका कॉर्डसाठी तार उतरवली की दुसरा कॉर्ड बिघडतो, हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत. ट्यूनर दाखवतो तिथेच ठेवा आणि गळ्याने आपला गांधार लावा.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तीही गळ्यातच राहू द्या. गिटारीवर ती हवी असेल तर वाट वेगळी आहे. ब्रिजभूषण काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूचा बार सरकवत राग वाजवायचे, विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही त्याच जातीची. आपण साथ करतोय, आपल्या गिटारीने सूर धरून ठेवला की पुरे.

तार लावताना एक सवय ठेवा, तंबोऱ्यासारखीच. सूर चढा झाला तर नुसता उतरवून थांबू नका, थोडा जास्त उतरवा आणि खालून वर चढवत आणा. वरून खाली आणलेली तार पाच मिनिटांत घसरते.

केरवा

तबलेवाला आहे, गिटार नंतर शिकलो. सगळे डाव्या हाताबद्दल बोलताहेत, पण गाणं उभं राहतं उजव्या हाताने.

ताई, तुम्हाला केरवा येतो. आठ मात्रा तोंडाने म्हणा : धा गे ना ती न क धी न. आता तारा डाव्या तळव्याने मुक्या करा, कॉर्ड नको. उजवा हात मात्रेमात्रेला खाली-वर, खाली-वर हलवत राहा. विषम मात्रेला हात खाली, सम संख्येच्या मात्रेला वर. हात कधीच थांबवायचा नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. आता पहिल्या मात्रेला खाली मारा, दुसरीला हात वर जाऊ द्या पण तारेला लावू नका. तिसरीला खाली, चौथीला वर. पाचवीला हात खाली जाईल पण हवेतून, तारेला शिवणार नाही. सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. म्हणजे कानाला येतं : खाली, खाली-वर, वर-खाली-वर. नवशिक्यांना हा ठेका बऱ्याचदा सुरुवातीलाच शिकवतात, आणि आपल्या आठ मात्रांत तो चपखल बसतो.

पाचवी मात्रा रिकामी जाते तिथेच लोक अडखळतात, कारण हात थांबवतात. तोंडाने 'न' म्हणत राहिलात तर थांबणार नाही.

दादऱ्याला आणखी सोपं. अंगठ्याने जाड तार, मग बारीक तारांवर दोन हलके फटके. परत अंगठा, परत दोन फटके. झाल्या सहा मात्रा.

कॉर्ड बदलताना लय गेली तर कॉर्ड सोडा, लय नको. चुकीचा कॉर्ड ऐकणाऱ्याला क्षणभर खटकतो, तुटलेली लय मात्र गाणाऱ्याला पाडते.

मधली_सुट्टी

कॉर्ड बदलण्यासाठी एक युक्ती. अनामिका आणि करंगळी तिसऱ्या पडद्यावर खालच्या दोन बारीक तारांवर ठेवा आणि तिथून हलवूच नका. तर्जनी-मधलं बोट पाचव्या आणि सहाव्या तारेवर ठेवलं की जी होतो. तीच दोन बोटं एकेक तार खाली सरकवली, चौथ्या आणि पाचव्या तारेवर आणली, की सी अ‍ॅड नाइन. दोन्ही बोटं दुसऱ्या पडद्यावर, पाचव्या आणि चौथ्या तारेवर ठेवली की ई मायनर सेव्हन. दोन बोटं मुक्कामाला असल्यामुळे हात चाचपडत नाही. आठवड्यात फरक पडेल.

घाटावरची

मधली_सुट्टी, मला ही युक्ती तितकीशी पटत नाही. विद्यार्थी त्यातच अडकतात आणि साधा सी कायमचा राहून जातो. शिवाय सी अ‍ॅड नाइनमध्ये सी ला सा धरला तर त्याचा रिषभ मिसळलेला असतो, भजनाच्या चालीला तो नेहमी शोभेलच असं नाही.

मधली_सुट्टी

मान्य, पण आधी हातातून एक अख्खं गाणं निघालं पाहिजे. दोन महिने नुसते सुटे कॉर्ड घोटून कंटाळून सोडलेले मी फार पाहिलेत. ताई, दोन्ही करा. गाताना सोपा आकार धरा आणि रोज पाच मिनिटं खरा सी घोटा. जस्टिन सँडरको यांच्या जस्टिनगिटार ह्या संकेतस्थळावर धडे फुकट आहेत. त्यात एक मिनिटाचा सराव आहे : घड्याळ लावायचं, दोनच कॉर्ड आलटून पालटून धरायचे आणि मिनिटात किती वेळा बदललं ते मोजून लिहून ठेवायचं. साठपर्यंत गेलं की ती जोडी गाण्यात अडत नाही.

अकरावी_ब

इथेच विचारू का? माझं बजेट ५००० आहे आणि मी डावखुरा आहे. मित्राने ऑनलाइन अडीच हजाराची मागवली, तिची मान आली तेव्हाच वाकडी होती, परत घेतली नाही. मी काय करू?

लाकूडकाम

पाच हजारात नवीन घेण्यापेक्षा कुणाची चांगल्या कंपनीची वापरलेली बघ. यामाहाची एफ३१० शिकाऊ मुलांनी सोडून दिलेली बऱ्याचदा मिळते. पण हातात घेऊनच घे. घोडीच्या बाजूने एका डोळ्याने मानेवरून नजर टाक, लाकूड पिळलेलं नको. कार्डांची परीक्षा वर लिहिलीच आहे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजव, कुठे खरखर येते ते बघ. शेवटी मोकळी तार आणि तीच तार बाराव्या पडद्यावर, दोन्ही ट्यूनरवर एकच सूर दाखवतात का ते तपास. जरा पुढे-मागे असेल तर दुरुस्त होतं, फार फरक असेल तर घेऊ नकोस. आणि नायलॉन तारांची गिटार घेतलीस तर तिला स्टीलच्या तारा कधीही लावू नकोस, तिची बांधणी तेवढ्या ताणासाठी नसते, घोडी उपटून येते.

डावखुऱ्यांसाठीच्या गिटारी आपल्याकडे दुकानात क्वचित दिसतात, मित्राची घेऊन वाजवायची सोयही राहत नाही. माझं मत, उजव्या हाताच्याच गिटारीवर सुरू कर. दोन्ही हातांना नवीनच काम शिकायचं आहे. महिनाभर मनापासून करूनही उजव्या हाताला लय सापडली नाही, तर मग डावी शोधू.

बर्फाळ

टोरोंटोहून लिहितोय. इथे उलटा त्रास आहे. हिवाळ्यात घरातली हीटिंग हवा इतकी कोरडी करते की मानेचं लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. गिटारीला चाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता मानवते. गिटार ठेवायच्या पेटीत छोटं आर्द्रतामापक ठेवतो.

ऑरेंज_सिटी

नागपूरकरांनी उन्हाळ्यात गिटार गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नये. बंद गाडीत घोडीचा गोंद मऊ पडतो, माझ्या भावाच्या गिटारीची घोडी अशीच उचकटली. आणि कूलरसमोरही ठेवू नये, एका बाजूने ओलं वारं आणि एका बाजूने मे महिन्याचं ऊन.

पाऊलवाट

मंडळी, बरेच दिवसांनी येतेय. पुण्याला लेकाकडे जाऊन आले, गिटार एसटीत मांडीवर घेऊन. दुरुस्ती करणाऱ्यांनी सळई आवळली, सॅडल घासली, नटच्या खाचा खोल केल्या, १०-४७ च्या तारा टाकल्या. घरी येऊन पहिलं काम कार्डांचं केलं. तिसरं टेकतंय, चौथं जात नाही. सी मध्ये आता पाचही तारा वाजतात. पहिल्यांदा वाजल्या तेव्हा मी कितीतरी वेळ तोच एक कॉर्ड वाजवत बसले होते.

पाटावर पाय ठेवून बसते. भाकरी थापताना दुखत नाही. कॅपो पहिल्या पडद्यावर लावून काळी चारमध्ये दोन अभंग बसवलेत, केरव्यात. पाचवी मात्रा अजून कधी कधी हातातून निसटते, पण तोंडाने 'न' म्हटलं की परत सापडते. जी वरून सी अ‍ॅड नाइनचे मिनिटात ३४ बदल, जी वरून खऱ्या सी चे १९. दोन्ही वहीत लिहिते. गेल्या एकादशीला मंडळात एक अभंग गिटारीवर गायले. पेटीवाल्या काकूंनी दुसऱ्या कडव्यापासून मला साथ दिली, कारण पट्टी त्यांचीच होती.

एफ अजून येत नाही. पाचव्या पडद्यावर मात्र पाच तारा वाजतात, सहावी अर्धवट.

आता चिपळूणला नुसता धो धो पाऊस आहे. नव्या तारांना पुन्हा गंज चढू नये म्हणून काय करू? आणि रोज रात्री तारा सैल करून ठेवू का?

लाकूडकाम

फार बरं वाटलं ताई. रोज सैल करू नका, रोज वाजवायच्या गिटारीला त्याची गरज नाही, उलट रोज चढ-उतार केल्याने तारा लवकर थकतात. महिनाभरापेक्षा जास्त ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक तार दोन सूर उतरवून ठेवा.

गंजासाठी : वाजवायच्या आधी हात धुऊन कोरडे करा. वाजवून झालं की जुन्या सुती साडीचा तुकडा तारेच्या खालून आणि वरून चिमटीत धरून घोडीपासून नटपर्यंत ओढा, सहाही तारा. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात कोकणातल्या भिंती ओल धरतात. गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) दोन-तीन पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. एवढं करूनही कोकणात तारा पावसाळ्यात एकदा बदलाव्याच लागतात.

एफसाठी : पाचव्या पडद्यावर सहावी तार अर्धवट वाजते, म्हणजे तर्जनी जरा आत पडतेय. तिचं टोक सहाव्या तारेच्या किंचित बाहेर येऊ द्या आणि बोट त्याच्या मऊ सपाट बाजूवर न टेकवता अंगठ्याकडच्या कडेवर थोडं कलतं करा. तिथे सहाही वाजल्या की चौथ्या पडद्यावर या, मग तिसऱ्या. तिसऱ्यावर तोच आकार म्हणजे जी. पहिल्यावर यायची घाई नको.

पाऊलवाट

कडेवर कलतं केलं. पाचव्यावर सहाही वाजल्या! उद्या चौथा.